मन्मथअप्पांच्या विमानाचे कान

विमानाला कान असतात हे मला वयाच्या चाळिशीत, लातूरच्या एका गच्चीवर कळलं. दिवाळीच्या आधी नांदेडहून बँकेत बदली होऊन मी मन्मथअप्पा शेट्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. कपडे वाळत घालायला वर गेले, तर घरमालक एक पांढरंशुभ्र विमान दोन बोटांवर तोलून उभे. चांगलं दोन हात लांब विमान. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बनियन, आणि चेहरा पूजेला बसलेल्या माणसाचा.

"मॅडम, तिथंच ऱ्हावा," मान न वळवता ते म्हणाले. "तुमच्या पदराचं वारं लागू राहिलंय."

मी बादली घेऊन तशीच उभी राहिले. विमानाचं नाक हळूच खाली झुकलं आणि थांबलं. अप्पांनी धरलेला श्वास सोडला.

"नाक जड हाय. आसू द्या. शेपूट जड झालं की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

मला वाटलं, दुसरं घर बघावं. साठी ओलांडलेला माणूस गच्चीवर विमानं तोलत असेल, तर खालच्या नळाचं आणि लाइटबिलाचं काय होणार? पण नळाची चिंता मी उगीच केली. त्या वर्षी नळाला पाणीच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच हा दुष्काळ.

अप्पांचं दुकान आडत बाजाराच्या तोंडाशी होतं, वजनकाट्यांचं. धान्याचे मोठे काटे, किराण्याचे तराजू, सोनाराचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळं विकायचे आणि दुरुस्तही करायचे. बाजारात त्यांच्या हाताला मान होता. दोन आडत्यांचं वजनावरून वाजलं की काटा उचलून अप्पांकडं यायचा, आणि अप्पा म्हणतील ते दोघं मुकाट ऐकायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "काटा हलू राहिलाय तवर बोलायचं न्हाई." हे वाक्य ते कुठंही वापरत. मूळचे ते उदगीरचे. उदगीर जिल्हा होणार ही आवई दरसाल उठायची, आणि गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढता चढता विचारायचं, "काय अप्पा, झाला का तुमचा जिल्हा?" अप्पा म्हणायचे, "काटा अजून हलू राहिलाय." आमच्या मॅनेजरनं त्यांना ठेवीवरच्या व्याजाबद्दल काही समजावलं, तेव्हाही त्यांनी त्याला हेच ऐकवलं. मॅनेजर दिवसभर विचारात पडला होता.

विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या बायकोला, महानंदाअक्कांना, विचारलं असतं तर उत्तर लांबलं असतं. अक्कांचं आणि विमानाचं जन्माचं वाकडं. दुष्काळात घरोघरी निळे ड्रम आले तसे शेट्यांकडंही आले, आणि त्यातल्या एका कोरड्या ड्रममधे अप्पांनी धूळ लागू नये म्हणून विमानाचे पंख उभे करून ठेवले. टँकर आला. अक्कांनी तोच ड्रम गडगडवत रस्त्यावर नेला, झाकण काढलं, आणि सगळ्या बोळासमोर त्यातून पाण्याच्या जागी पंख निघाले.

"लोकं पाण्यापायी रातभर जागू राहिले, आन् ह्यांनी ड्रमात इमान भरून ठिवलंय!" अक्का कडाडल्या.

रांगेतला एक जण म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात बसून उजनीला जावा की. पाणी घेऊनच या!"

सगळे हसले. अप्पाही हसले. पण त्या दिवसापासून टँकर उभा असेतो त्यांनी विमानाला हात लावला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचे हंडे भरून दिले आणि रस्ता मोकळा झाल्यावरच वर गेले. मला हा माणूस आवडायला लागला तो तेव्हापासून.

विमान म्हणजे जेट. पोटात बॅटरीवर फिरणारा पंखा, पण बाहेरून सगळा थाट हवाईदलाच्या जेटचा. ते अप्पांनी काही वर्षं खपून, लाकडाच्या पातळ फळ्या आणि फायबर जोडून स्वतः बांधलेलं होतं, आणि अजून एकदाही उडवलं नव्हतं. मी दुकानात गेले की ते मला त्यातलं शिकवायचे. पंखांच्या टोकाकडं, मागच्या कडेला हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात. उजवी वर गेली की डावी खाली जाते, आणि विमान उजवीकडं कलतं. ते कान. पंखाच्या आतल्या बाजूची, उतरताना खाली सोडायची आणि वेग मारायची पट्टी म्हणजे पदर. एलरॉन, फ्लॅप ही नावं त्यांना येत होती, त्यांच्यासारख्याच विमानवेड्या मित्राशी, हरबन्सभाईंशी, बोलताना ते तीच वापरत. घरात मात्र कान आणि पदर.

"कान हलतात, हे काय कुणीबी करील," ते म्हणायचे. "किती हलायचे आन् हाताचं किती ऐकायचं, ते ठरवायला अक्कल लागती."

ते रिमोटमधे ठरवून ठेवता येतं. रिमोटची काडी तेवढीच सरकवली तरी कान थोडे हलावेत की भरपूर, हे आपल्या हातात. काडी मधल्या जागेच्या आसपास असताना विमानानं हाताची बारीकसारीक हालचाल ऐकावी की कानाआड करावी, हेही आपल्या हातात. कानाआड करणाऱ्या विमानाला अप्पा "मऊ" म्हणत.

"मॅडम, तुम्ही गाडी चालवता न्हवं? सोलापूर रोडला जोरात आसताना स्टेरिंग उलीसं हललं तर गाडी कुठल्या कुठं जाती. आन् तीच गाडी आपल्या बोळात वळवायची तर गरागरा फिरवावं लागतंय. इमानाचं तसंच. वेगात हाय तवर कान उलीसे हलले तरी बास. उतरताना वेग मेला की कानानं लई हलायला पाहिजे."

हरबन्ससिंग आमच्या नांदेडचे. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, छातीभर दाढी आणि बोळभर आवाज. महिन्या-दोन महिन्यांनी आपली विमानं गाडीत घालून ते लातूरला यायचे. या दोघांची मैत्री म्हणजे एक न संपणारं भांडण होतं. हरबन्सभाईंचं मत, कान मिळतील तेवढे हलू द्यावेत, सांभाळायला हात आहे ना.

"अप्पा, पूरा द्या ना! कानाला काय पगार द्यायचाय का? कायकू इतनी कंजूसी?"

"तुमचं इमान माकडावानी उड्या मारतंय, भाई. माझ्या इमानाला जरा घरंदाज राहू द्या."

मी नांदेडची, म्हणून मी हरबन्सभाईंच्या बाजूनं. तसं एकदा उघड बोलूनही दाखवलं. मग त्याच हरबन्सभाईंनी पंख दुरुस्त करून आणलेलं एक विमान उडवायला काढलं. अप्पांची एक रीत होती: उडवण्याआधी विमानाच्या शेपटीमागं उभं राहायचं, नाकाच्या दिशेनं तोंड करायचं, काडी उजवीकडं न्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "उजवीकडं, उजवा कान वर." मग डावं. मग शेपूट. रोज, दर वेळी, कुणी हसलं तरी. हरबन्सभाई विमानासमोर उभे राहिले आणि कान हलताहेत एवढंच पाहून त्यांनी विमान सोडलं. दुरुस्तीत कानांच्या तारा उलट लागल्या होत्या. विमान उठलं, भाईंनी उजवीकडं वळवलं तर ते डावीकडं कललं, आणखी उजवीकडं ओढलं तर उताणं होऊन बाभळीत गेलं. बाभळीतून तुकडे काढायला अप्पाच पुढं झाले आणि काटे स्वतःच्या हातात मोडून घेतले. परतताना मी गुपचूप बाजू बदलली.

आता जागा. जेटला उतरायला लांब, सपाट, कडक जमीन लागते, आणि आमच्याकडं शेतं, दगड आणि विजेच्या तारा. याच कारणानं अप्पांचं जेट आजवर गच्चीवर राहिलं होतं. त्या उन्हाळ्यात औशाकडच्या एका गावाचा तलाव तळापर्यंत आटला. अप्पा काटा दुरुस्त करायला त्या गावी गेले आणि येताना चेहरा उजळून आले. तलावाच्या पोटात पोळपाटासारखी सपाट जमीन पडली होती. मग स्वतःच ओशाळले.

"गावाचं पाणी आटलं आन् मला खुशी व्हायली. बसवण्णा काय म्हणंल?"

खुशी फार टिकणार नव्हतीच. गावकरी ट्रॅक्टर लावून तलावातला गाळ शेतात नेत होते. अप्पा व्यंकटरावांकडं गेले. गाळाचं काम तेच बघायचे. जेट माझ्या गाडीत मावत होतं आणि अप्पांच्या स्कूटरवर नाही, म्हणून या साऱ्यात माझी वर्णी लागली होती.

"अप्पा, तुमच्या इमानापायी आमचा गाळ ठिवायचा का आता?" व्यंकटराव म्हणाले.

"न्हाई. गाळ आधी, इमान मागून. मधली पट्टी तेवढी शेवटी उचला. पुढच्या आयतवारी उडवतो. सोमवारी तुम्ही उचला."

व्यंकटरावांनी मान हलवली, वर चहा पाजला. म्हणजे उडवायचं तर तोच एक रविवार. पुढं पाऊस झाला तर तिथं पाणी, नाही झाला तर खड्डे.

रविवारआधी एकदा, त्याच पट्टीवर, अप्पांनी थर्माकोलचं एक लहान सरावाचं विमान उडवून पाहिलं. जेटच्या कानांसाठी ठरवलेलंच सगळं त्यात घातलं होतं. हरबन्सभाई नांदेडहून मुद्दाम आले होते. वर असेतो विमान रुळावरून गेल्यासारखं गेलं. उतरताना वेग कमी झाला, डावा पंख जरा खाली पडला. अप्पांनी काडी टोकापर्यंत नेली. विमानानं ऐकलंच नाही. पंख जमिनीला लागला आणि नाक मोडलं.

हरबन्सभाईंनी रिमोट घेतला, काडी हलवली, पडलेल्या विमानाचे कान बघितले. पुन्हा हलवली.

"अप्पा, ह्यात जानच नाही. उतरताना पण एवढेच कान? आणि मधे इतकं मऊ? तुम्ही मला शिकवता, वेग मेला की कान जास्त लागतात म्हणून."

अप्पांनी वाकून मोडक्या नाकाचा तुकडा उचलला.

भाईंचा आवाज एकदम खाली आला. "हात दाखवा."

अप्पांनी तुकडा खाली ठेवला आणि उजवा हात पुढं केला. बोटं आपसूक थरथरत होती. थांबवल्यानं थांबत नव्हती.

"दिवाळीपासनं हाय," अप्पा म्हणाले. "कुठं बोलू नका. अक्काला ठाव न्हाई. बाजारात कळलं, तर मला काट्याला कोण हात लावू देईल?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की अलीकडं ते विमान बोटांवर तोलत नाहीत, त्यासाठी त्यांनी एक लाकडी घोडी केली आहे. घरात असेतो ते सारखा पॉलिश पेपर घासत असायचे. घासणारा हात हलतोच, त्याकडं कोण बघतंय? आणि मी जिन्यावरून येता-जाता थट्टा करायची, "अप्पा, घासून घासून विमान संपेल." मला फार वाईट वाटलं.

"डॉक्टरला दाखवलं का?" भाईंनी विचारलं.

"दाखवीन."

"कधी?"

"हे एकदा उडालं की."

थरथर विमानापर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी कान मऊ केले होते. मऊ कानांनी वर सगळं झाकलं गेलं. उतरताना तेच कान कमी पडले. काट्याच्या माणसानं, सगळं कळत असून, स्वतःच्या हाताच्या लाजेनं चूक केली होती.

त्या संध्याकाळी गच्चीवर दोघं रिमोट घेऊन बसले. मी चहा दिला. पहिल्यांदाच त्यांच्यात भांडण नव्हतं. उपाय सोपा होता. एका बटणावर दोन तऱ्हा ठेवायच्या. बटण मागं, तर कान मऊ आणि थोडे. बटण पुढं केलं की पदर खाली पडणार, कान पूर्ण हलणार आणि हाताचं सगळं ऐकणार. अर्थात थरथरही ऐकणार.

"म्हणून बटण पुढं केलं की रिमोट माझ्या गळ्यात," हरबन्सभाई म्हणाले. "उडवा तुम्ही, उतरवतो मी. कुणाला काही कळणार नाही. दोस्ताच्या हातात दिला, एवढंच दिसेल."

यात काही वावगं नव्हतं. शिकाऊ माणसं असं करतातच. अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"उडवलं त्यानंच उतरवावं, भाई."

"आणि पडलं तर?"

"बगू," अप्पा म्हणाले. आणि मग उदगीरकडं म्हणतात तसं, हात वर करून, "साकू, साकू." पुरे.

रविवारी अक्काही आल्या. हे नवलच होतं. "एवढी वर्सं घरात ठिवलंय, एकदा बगू तरी काय दिवा लावतंय," असं म्हणत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन त्या गाडीत बसल्या. अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी नाही म्हटलं नाही.

तलावाच्या बांधावर अर्धं गाव बसलं होतं. बाजारातले दोन आडतेही कुणाकडून तरी ऐकून आले होते. व्यंकटरावांनी ट्रॅक्टर बंद ठेवायला लावले. वारा अजिबात नव्हता. अप्पा शेपटीमागं उभे राहिले, मोठ्यानं म्हणाले, "उजवीकडं, उजवा कान वर." पोरं हसली. डावा झाला, शेपूट झालं, पदर झाला. हरबन्सभाई त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून उभे राहिले.

जेट धूळ उडवत धावलं आणि उठलं. मला विमानातलं आजही फारसं कळत नाही, पण ते फार सुरेख उठलं. तलावावर एक मोठी फेरी, मग दुसरी. पांढरे पंख कलायचे आणि सरळ व्हायचे, कुठं धक्का नाही. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "लई झाक, अप्पा!" अक्का कपाळावर हात धरून वर बघत होत्या. डबा त्यांच्या काखेत तसाच होता.

बॅटरी थोडा वेळच पुरते. अप्पांनी जेट लांबून वळवून पट्टीच्या रेषेत आणलं. हरबन्सभाईंनी हात पुढं केला, तळवा वर. अप्पांनी त्या हाताकडं बघितलं. मग बांधाकडं. तिथं आडते होते, अक्का होत्या. आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण पुढं केलं.

पदर खाली पडले. वेग उतरला. आणि दोन्ही पंख थरथरू लागले. थोडेसेच, पण सगळ्यांना दिसेल असे.

"वारं सुटलं का काय?" बांधावर कुणी म्हणालं.

वारं नव्हतं. मघाची धूळ अजून जागच्या जागी तरंगत होती. अक्कांनी विमानाकडं बघितलं, मग खाली अप्पांच्या हाताकडं, पुन्हा विमानाकडं. त्यांनी डबा जमिनीवर ठेवला. हरबन्सभाईंचा हात अजून पुढंच होता. जेट थरथरत खाली आलं, उजवा पंख पडला, अप्पांनी काडी दाबली, कानांनी ऐकलं, पंख उचलला गेला. चाकं टेकली. एक उडी, आणखी एक, आणि मग ते सरळ धावत जाऊन पट्टीच्या टोकाला उभं राहिलं. अख्खं.

बांधावर टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या. अप्पांनी रिमोटचा पट्टा गळ्यातून काढून हरबन्सभाईंच्या गळ्यात घातला. अक्का त्यांच्यासमोर येऊन उभ्या होत्या. अप्पांनी हात पाठीमागं नेला नाही. तसाच पुढं धरला.

"मला सांगितलं न्हाई," अक्का म्हणाल्या, "आन् साऱ्या गावाला आभाळात दाखवलंत व्हय?"

"तुला सांगायला तोंड होईना."

अक्कांचे डोळे भरले होते आणि आवाज रागाचा होता. त्यांनी अप्पांचं मनगट धरलं.

"मग आता सांगा."

दोघं विमानाच्या दिशेनं निघाले. पट्टी लांब होती. अप्पा मान खाली घालून बोलत होते, अक्का मनगट न सोडता ऐकत होत्या, मधेच थांबून काहीतरी विचारत होत्या. हरबन्सभाई विमान आणायला धावणार, तोच मी त्यांची बाही धरली. विमान कुठं जाणार नव्हतं.